एकादशीची इर्जिक

अक्का, परवा तुझ्या दशक्रियेला घोडनदीच्या घाटावर एवढी भाषणं झाली की मला उठून घरी यावंसं वाटलं. आधी महाराजांचं प्रवचन झालं, मग एकेक पुढारी माइक धरून उभा राहिला. सगळ्यांचं एकच पालुपद. अक्का म्हणजे शांत बाई, अक्का म्हणजे सगळ्यांना सांभाळून घेणारी, गावाची सरपंच झाली पण कुणाला दुखावलं नाही. शेवटी तुझा दीर नाना उठला आणि त्यानंही तेच सांगितलं, वर डोळे पुसले. मी बायकांत मागे बसले होते. पदर तोंडाला होता, पण मी रडत नव्हते, दातओठ खात होते.

कुणाला दुखावलं नाही म्हणे! निम्मं गाव दुखावलंस तू. सख्ख्या दिराशी वैर घेतलंस. आणि मला तर असं दुखावलंस की अजून तुझ्याशी भांडायचं संपलेलं नाही, तोवर तू निघून गेलीस. आता मी भांडू कुणाशी? माझ्यासारख्या बांगडीवाल्या मण्यारणीच्या हातात माइक कोण देणार, आणि दिला असता तरी मला तिथं बोलायला जमलं नसतं. जुन्नरच्या शाळेत सातवीपर्यंत शिकले होते, म्हणून हे लिहितेय.

तुझी माझी ओळख मनगटाची. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा माझा नवरा घोडेगाव, शिनोली, पार वरच्या डोंगरातल्या वाड्यांपर्यंत बांगड्या घेऊन फिरायचा आणि गावात बायकांना बांगड्या भरायचं काम माझ्याकडं असायचं. तुझा हात लई कडक. खुरप्यानं नि विळ्यानं पार लाकूड झालेला. दोन-तीन बांगड्या फुटल्याशिवाय तुझा चुडा कधी भरून झाला नाही, आणि फुटली की तू मलाच म्हणायचीस, "हमिदे, तुझा माल कच्चा." तुझे मालक गेले त्या दिवशी बायका दगड घेऊन तुझ्या बांगड्या फोडायला बसल्या. मी मधे घुसले, तुझा हात मांडीवर घेतला आणि साबण लावून एकेक बांगडी उतरवली. एक फुटू दिली नाही. पुढं माझाही नवरा गेला, तेव्हा माझ्या झोपडीत सगळ्यात आधी येऊन बसलीस ती तू.

सरपंचपद बायकांसाठी राखीव निघालं आणि नानानं तुला उभं केलं. घरातलीच बाई, ती पण विधवा, अंगठ्याऐवजी सही करता येते, अजून काय पाहिजे? कारभार नाना बघणार, सही तू करणार, असा हिशेब होता. वर्षभर तू तशी वागलीसही. आम्ही बायका तुला हसायचो. मग त्या साली गावाला घरकुलं मंजूर झाली आणि यादीत माझं नाव निघालं.

मी आणि माझी रेश्मा तेव्हा चिंध्या-प्लॅस्टिकच्या छपरात राहत होतो. दर श्रावणात निम्मी रात्र भांडी मांडण्यात जायची, इथं गळतंय, तिथं गळतंय. घर मिळणार म्हटल्यावर मला झोप लागेना. ग्रामसभेत जागेचा विषय निघाला. नाना म्हणाला, "ओढ्याकडं लई जागा पडलीय. बांधा म्हनावं तिथं."

ओढ्याकडं म्हणजे मसणवट्याच्या पलीकडं. लाईट नाही, नळ नाही, पावसाळ्यात ओढा फुगला की गावाशी संबंध तुटला. रेश्मा शाळेतून येणार कशी? तरी मी मान हलवली. कारण मला ठाऊक होतं, गावठाणात चावडीमागं जी मोकळी जागा होती, तिच्यावर नानाची बराख होती. कांदा साठवायची बराख, बांबूच्या कामट्यांची, वर उसाच्या पाचटाचं छप्पर. जागा गावाची, बराख नानाची, आणि हे सगळ्यांना माहीत असून कुणी कधी बोललं नव्हतं. तू उभी राहिलीस आणि सरळ म्हणालीस, "चावडीमागची जागा मोजून घेऊ. तिथं घरकुल व्हईल."

सभा तशीच उठली.

बाहेर आल्यावर मी तुला देवळामागं गाठलं. तेव्हा मी तुला तुम्ही म्हणायचे. म्हटलं, "अक्का, मला ओढा चालंल. छप्पर मिळतंय ते मिळू द्या. तुमच्या घरातलं भांडण माझ्या डोक्यावर नका आनू."

"तुला चालंल, मला न्हाई चालणार," तू फाडकन बोललीस. "सरकार विटा देतंय, सिमिट देतंय. शेजार काय सरकार देनार हाय व्हय? त्यो गावानंच द्यायचा असतो. लांब नेऊन टाकायचं आसंल तर घर कशाला म्हनायचं त्याला?"

मला तुझा इतका राग आला होता तेव्हा. बोलायला तुझं काय जात होतं? तू बोलून आपल्या घरी जाणार, नानाच्या नजरेसमोर राहणार कोण, तर मी. पण खोटं कशाला सांगू, राग होता तसा आत कुठंतरी आनंदही झाला होता. गावाच्या मधोमध माझं दार उघडणार, ही गोष्ट मी मनातसुद्धा कधी आणली नव्हती. तू ती माझ्या मनात आणलीस आणि मग ती काही केल्या जाईना.

तू वाट बघितली नाहीस. कांदा शेतातून यायला अवकाश होता, बराख रिकामी होती. एकदा भरली की दिवाळीपर्यंत हलली नसती. नाना मंचरला गेलेला बघून तू स्वतः विळा घेऊन बराखीचे बंध कापायला लागलीस. मी आले, अजून दोघी-चौघी आल्या. कामट्या, वासे, पाचट सगळं उचलून आपण नानाच्या अंगणात नीट रचून ठेवलं. एक कामटी मोडू दिली नाहीस. नाना परत आला तेव्हा तू शेवटचा वासा खांद्यावर घेऊन चालली होतीस.

"वहिनी, ह्ये काय चालवलंय?"

"बराख सोडवलीय, नाना. तुमच्याच अंगणात हाय समदी. उद्या गडी बोलावून बांधून देते."

"आज ती मण्यारीण, उद्या आजून कोन येईल."

"येऊ द्या की. त्याची बी सोय बघू."

नानाचं तोंड लाल झालं. सगळ्या आळीसमोर म्हणाला, "वहिनी, तुमाला सही कराया बसवलंय. राज्य कराया न्हाई."

तू वासा खाली ठेवलास, पदर सारखा केलास आणि म्हणालीस, "मग आता सही बगा माझी." आणि चालू लागलीस. मला भीती वाटत होती अक्का, आणि नाचावंसंही वाटत होतं.

पहिल्या हप्त्यात जोतं झालं. मग काम बंद पडलं. या योजनेत ठेकेदार चालत नव्हता, ज्याचं घर त्यानं उभं करायचं. मी गवंड्यांच्या दारोदार फिरले. शिनोलीचा गवंडी हो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी निरोप आला की कंबर धरलीय. घोडेगावच्याची सासू आजारी पडली. सगळ्यांना एकदम कसं काय होतं, हे मला कळत नव्हतं असं नाही. नाना काही करत नव्हता, नुसता चावडीच्या कट्ट्यावर बसून असायचा. वर मार्च लागला. मार्चअखेरीच्या आत भिंती चौकटीच्या वर गेल्या नाहीत तर पुढचा हप्ता मिळणार नव्हता, माझ्या नावचं घर रद्द होऊन पैसा परत जाणार होता. साहेब तपासणीला येणार होते. विटा, वाळू, सिमेंटच्या गोण्या सगळं जोत्याशेजारी पडून होतं आणि हात नव्हते. मी बांगड्यांची पाटी डोक्यावर घेऊन निघायचे नि त्या जोत्यापाशी येऊन रडत बसायचे.

तेव्हा तू म्हणालीस, "इर्जिक घालू."

ऐकून मी हसलेच. इर्जिक असते नांगरटीची. ज्याच्याकडं बैल नाहीत तो घरोघर सांगून येतो, गाव आपापले बैल-औतं घेऊन येतं, रान उलथून देतं, आणि मालक सगळ्यांना जेवू घालतो. मजुरी नाही, उपकार नाही. पण त्याला एक नियम आहे, आणि आपल्याकडं तो पोराटोरालाही माहीत असतो. इर्जिकीत जेवला तो बांधला गेला, काम पुरं होईपर्यंत त्यानं यायचं. आणि काम करून न जेवता गेला तर त्यानं तुमच्यावर नुसते उपकार केले, उद्या येईल न येईल त्याची मर्जी. भिंतींची इर्जिक कुणी ऐकली नव्हती. तू म्हणालीस, ऐकतील आता. आणि गावभर फिरून सांगून आलीस. शेतीची लाईट रात्रीची असलेला आठवडा धरलास, म्हणजे गडीमाणसं दिवसा पाण्याच्या बाऱ्यांतून मोकळी. सगळा विचार केलास, अगदी बारीकसारीक.

मग माझ्याकडं येऊन म्हणालीस, "सैपाक माझ्या घरी करू. तू ये हाताखाली."

"का?"

"का म्हंजी? मानसं बिनबोभाट जेवतील."

"म्हंजी माझ्या हातचं जेवनार न्हाईत."

"मी तसं म्हनले का?"

"म्हनायला कशाला पायजे? इर्जिक माझी, चूल माझी. ज्याला जेवायचं नसंल त्यानं माझ्या विटंला हात लावू नये."

"हमिदे, आधी भिंत वर जाऊ दे, मंग ताठा दाखव."

"बराख सोडवताना तू दाखवलास तो काय व्हता? तुझा तो मान आन माझा ताठा व्हय?" मी तेव्हा पहिल्यांदा तुला तू म्हटलं. रागात निघून गेलं, आणि मग तेच राहिलं. "आन तू तरी? माझ्या दारात च्या पितीस, पानी पितीस. माझ्या हातची भाकरी खाल्लीस कधी?"

उंबऱ्यात उभी होतीस, तशीच वळून गेलीस. मला वाटलं, संपलं. आता ही उद्या येत नाही.

आलीस. उजाडायच्या आत जोत्यावर हजर. पाठोपाठ माणसं यायला लागली. थापी, घमेली, फावडी, ज्याच्याकडं जे असेल ते. भिवातात्या आले, गावातले सगळ्यात जुने गवंडी. गळ्यात माळ, डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा, हात कापणारा. पण ओळंबा धरला की हात थांबायचा. त्यांनी कोपरे धरून दिले आणि मग विटांची रांग लागली. बायका विटा पुढं देत होत्या, पोरं पाणी आणत होती. मी एकीकडं चुलीवर भाकऱ्या थापत होते, वांग्याचं कालवण होतं, गुळाची लापशी होती. दुपारपर्यंत भिंती कमरेला आल्या. मी चुलीपुढून मान वर करून बघायचे नि मला हुंदका यायचा. नाना चावडीच्या कट्ट्यावर बसून बघत होता.

मग जेवायची वेळ झाली. मी पोती अंथरली, पत्रावळी मांडल्या. सगळ्यांनी हातपाय धुतले. आणि कुणी बसेना. उभेच. एकमेकांकडं बघतायत. शेवटी भिवातात्या घसा खाकरून म्हणाले, "आज एकादशी हाय."

या अल्ला! मी तुझ्याकडं बघितलं, तू माझ्याकडं. तुझ्याही गळ्यात माळ. लग्न होऊन आल्यापासून तुझी एकादशी चुकली नव्हती. कॅलेंडर बघावं लागायचं नाही तुला. आणि नेमकी तीच विसरलीस. लाईटचा आठवडा बघितला, मार्चअखेर बघितली, एकादशी बघितली नाही. सकाळपासून तूही नुसत्या चहावर होतीस, पण ते गडबडीमुळं.

तात्यांचा उपास खराच होता. पण त्यांनी म्हटलं नि सगळ्यांना वाट मिळाली. एक म्हणाला, माझा बी उपास. दुसरा म्हणाला, माझा बी. घोडेगावच्या स्टँडवर भर आषाढीला आम्लेट हाणणारा एक जण, त्यालाही उपास आठवला. खरा उपास कुणाचा आणि माझ्या भाकरीपासून सुटका कुणाची, काही कळायला मार्ग नव्हता. मी रेश्माला भगर आणायला दुकानात पिटाळलं, आली तशी धुऊन चुलीवर चढवली. पण भगर शिजायला वेळ लागणार, आणि माणसं पायताणं शोधायला लागली होती. कट्ट्यावरून नाना ओरडला, "चला रं, आपापल्या घरी जाऊन फराळ करा!"

गेले असते अक्का. न जेवता गेले असते, आणि दुसऱ्या दिवशी एकही माणूस आला नसता. कमरेएवढ्या भिंती घेऊन मी काय केलं असतं?

तू पुढं झालीस. पहिल्या पत्रावळीवर मांडी घालून बसलीस आणि म्हणालीस, "वाढ."

"अक्का, तुझा उपास..."

"वाढ म्हनते ना!"

मी भाकरी वाढली. कालवण वाढलं. तू तुकडा मोडलास, बुडवलास आणि तोंडात घातलास. किती वेळ चावत होतीस तो घास! सगळा गाव बघत होता. तू कुणाकडं बघत नव्हतीस, खाली मान घालून जेवत होतीस. माझ्या हातची पहिली भाकरी तू एकादशीला खाल्लीस.

भिवातात्या तुझ्या समोर येऊन बसले. म्हणाले, "मी भाकरी खानार न्हाई. माझा उपास हाय. पन भगर शिजूस्तवर बसतो हितंच. घरचा फराळ नगं मला आज." त्यांच्या मागं एकेक जण बसला. कुणी भाकरी घेतली, कुणी भगरीची वाट बघितली. आम्लेटवाल्यानं दोन्ही खाल्लं. पायताणं होती तिथं राहिली.

गावानं हीच गोष्ट तुझी म्हणून पुढं सांगितली. अक्कानं उपास मोडला नि गरिबाचं घर उभं राहिलं. पण त्या दुपारी माणसं कामाला लागल्यावर आपण दोघी चुलीमागं काय बोललो, ते कुणाला ठाऊक नाही.

मी तुझ्यावर ओरडले. म्हटलं, "कुनी सांगितलं व्हतं तुला? भगर शिजत व्हती की."

"भगर शिजूस्तवर गाव गेलं असतं."

"गेलं असतं तर गेलं असतं! आता ते माझ्या भाकरीला बसले न्हाईत. तुझ्या मोडलेल्या उपासाला बसले. मला कळायचं राहिलंच ना, माझ्याकडं कोन जेवतंय नि कोन न्हाई!"

तू तांब्या घेतलास, हात धुतलेस. तुझे डोळे भरले होते. "तुला काय कळतंय," एवढंच म्हणालीस आणि विटा द्यायला गेलीस.

ते भांडण तिथंच राहिलं. तुला त्याची किंमत फार पडली, मला ठाऊक आहे. नानानं बराखीवरून आधीच तक्रार केली होती, पुढं अविश्वासाचा ठराव आणला आणि तुझंच नातं-गोतं हात वर करून तुला खाली बसवून मोकळं झालं. तू पुन्हा शेतात जायला लागलीस, त्याच खुरप्यानं. माझ्या ओट्यावर बसायचीस, माझ्याकडं जेवायचीस, रेश्माच्या लग्नात तर घरच्यासारखी राबलीस. पण त्या एकादशीचा विषय मी काढला की तुला दळण आठवायचं. मी तुझी ऋणी आहे आणि मला तुझा रागही आहे, या दोन्ही गोष्टी मी एका तोंडानं कशा बोलणार होते? गेल्या महिन्यात तुला बघायला आले तेव्हा तू बारीक आवाजात विचारलंस, "घर गळतं का गं?" मी म्हटलं, थेंब नाही. अजून बोलायचं होतं, पण तुझ्या सुना खाटेभोवती होत्या. उद्या येऊन बोलू, असं म्हणून मी उठले.

तर आता ऐक. इर्जिकीचा दुसरा दिवस. नानाच्या तक्रारीपायी तुला घोडेगावच्या कचेरीत बोलावलं होतं, तू पहिल्या एस्टीनं गेलीस. संध्याकाळी परत आलीस तेव्हा भिंती चौकटीच्या वर गेल्या होत्या. तू त्या हातानं चाचपून बघितल्यास आणि विचारलंस, "आले व्हते समदे?" मी म्हटलं, आले. पुढं तू विचारलं नाहीस नि मी सांगितलं नाही. गावानं तुझ्या कानावर घातलंच असेल, पण तू माझ्या तोंडून ऐकायला थांबली होतीस आणि मी कालच्या रागात होते. दोघी सारख्याच अडेल.

त्या सकाळी मी पोती अंथरलीच नव्हती. म्हटलं, अक्का नाही, आज कोण येतंय? नुसती चूल पेटवून बसले होते. भिवातात्या आले. थापी नि ओळंबा जोत्यावर ठेवला, पण विटेला हात लावेनात. चुलीपाशी येऊन उकिडवे बसले.

"तात्या, काय झालं?"

"काय व्हनार? कालचा उपास हाय. बारस सोडायचीय."

"घरून खाऊन न्हाई आलात?"

"फराळ हितं केला, तर बारस बी हितंच सोडनार की. भाकरी टाक. कालचं वांगं आसंल तर त्ये बी चालंल."

मी परातीत पीठ घेतलं आणि वर बघितलं तर त्यांच्यामागं माणसं येत होती. एकेक जण थापी, घमेलं ठेवत होता आणि हात धुवून बसत होता. कुणी पोती अंथरली, मला माहीत नाही. मी भाकऱ्या टाकत होते आणि त्या संपत होत्या. मी सवयीनं रस्त्याकडं बघितलं, तू दिसतेस का म्हणून. तू नव्हतीस, अक्का. तरी सगळे जेवायला बसले होते.